जावा मायक्रोसर्व्हिस हळू चालते तेव्हा : हंगामाआधी नव्यांनी करायचं ट्यूनिंग

दसरा-दिवाळीच्या सुमारास पहिला वेचा घरात येतो आणि हिंगणघाट, आर्वी, पांढरकवडा, दर्यापूर इथल्या बाजार समित्यांच्या फाटकांवर कापसाच्या गाड्या लागायला लागतात. या कामासाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर वर्षातले बरेच महिने निवांत असतं आणि मग एखाद्या सकाळी दोन तासांत सगळा भार त्याच्यावर येऊन पडतो. त्या वेळी नोंद अडकली की गाडी अडकते, काटापट्टी अडकते, चुकारा लांबतो. म्हणून ट्यूनिंग हे हंगामाच्या आधी, शांतपणे, आकडे हातात घेऊन करायचं काम आहे.

ज्यांना स्प्रिंग बूट येतं, पण वेग कसा मोजायचा आणि हात कुठे घालायचा हे उमगत नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणाला तीन सेवा धरू: कास्तकाराची नोंद घेणारी नोंदणी सेवा, वजन लिहून घेणारी काटा सेवा आणि बँकेकडे पैसे पाठवणारी चुकारा सेवा. तिघींच्या मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस. जावा २१ आणि स्प्रिंग बूट ३.२ किंवा त्यापुढचं. आज्ञांची आणि सेटिंगांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत, लहान-मोठी अक्षरं सांभाळून टाइप करायची.

पायरी १ : आधी लॅपटॉप भरवशाचा करा

घरी बसून मोजमाप करताना पहिली फसगत कोडमुळे होत नाही, यंत्रामुळे होते. लाईन गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरचा वेग आपोआप उतरवतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा दुपारी पंखा कितीही ओरडला तरी प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी हळू चालू लागतो. पहाटे पाचला ३०० मिलिसेकंद दिसलेली विनंती दुपारी दोनला ५०० दाखवेल आणि तुम्ही दिवसभर कोडमध्ये दोष शोधत बसाल. म्हणून चाचणी नेहमी चार्जर लावून, एकाच वेळेला, शक्यतो पहाटे करा. लिनक्सवर प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर ठेवा आणि चाचणी चालू असताना ‘सेन्सर्स’ या आज्ञेने तापमान बघत राहा. मधेच लाईन गेली तर ती चाचणी धरायची नाही, नव्याने घ्यायची.

८ जीबी रॅममध्ये हे सगळं बसतं: प्रत्येक सेवेला १ जीबी, पोस्टग्रेसला १ जीबी, उरलेलं सिस्टिमला आणि भार टाकणाऱ्या साधनाला. मात्र ब्राउझर आणि आयडीई बंद करावे लागतात. ‘व्हीएमस्टॅट १’ चालवून ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे रकाने पाहा. तिथे शून्याऐवजी आकडे हलत असतील तर मशीन स्वॅप वापरतंय, म्हणजे रॅम अपुरी पडून डिस्कवर काम भागवतंय, आणि त्या चाचणीतला एकही आकडा कामाचा नाही. डॉकरच्या ‘सीपीयूसेट’ने कोअर वाटून द्या: चार कोअर असतील तर दोन सेवांना, एक पोस्टग्रेसला, एक भार टाकणाऱ्याला. नाहीतर भार टाकणारं साधनच सेवेचा प्रोसेसर खाऊन टाकतं.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करत असाल तर मेव्हनची ‘डिपेन्डन्सी गो-ऑफलाइन’ ही आज्ञा रात्रीच चालवून घ्या आणि डॉकरच्या इमेजेसही तेव्हाच उतरवून ठेवा.

पायरी २ : आकडा ठरवा

“सिस्टिम फास्ट झाली पाहिजे” याला लक्ष्य म्हणता येत नाही. लक्ष्य असं लिहा: सेकंदाला ४० विनंत्या, ९९ वा शतांश ८०० मिलिसेकंदांच्या आत, चुका शून्य. ९९ वा शतांश म्हणजे १०० पैकी ९९ विनंत्या ज्या वेळेच्या आत पूर्ण होतात ती वेळ. यातले ४० मनाने ठरवायचे नाहीत. मागच्या हंगामातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसाचा गेटवेचा, म्हणजे बाहेरच्या विनंत्या घेऊन आतल्या सेवांकडे पाठवणाऱ्या सेवेचा, लॉग काढा, त्यातली सर्वांत भरलेली दहा मिनिटं मोजा आणि त्यावर निम्मा भार वाढवून धरा.

सरासरीवर विसंबू नका. १०० विनंत्यांपैकी ९५ जर ५० मिलिसेकंदांत झाल्या आणि ५ ला प्रत्येकी ४ सेकंद लागले, तर सरासरी येते २४८ मिलिसेकंदांच्या आत. ऐकायला छान वाटतं, पण पाच माणसं काट्यावर खोळंबली होती हे त्यात कुठेच दिसत नाही. ९९ वा शतांश मात्र सरळ ४ सेकंद दाखवतो.

स्प्रिंग बूट अॅक्च्युएटर आणि मायक्रोमीटर लावले की प्रत्येक विनंतीचा वेळ नोंदला जातो. ‘एचटीटीपी सर्व्हर रिक्वेस्ट्स’साठी ‘पर्सेंटाइल्स हिस्टोग्राम’ हे सेटिंग चालू करा. एका सेवेच्या दोन प्रती चालत असतील तर त्यांच्या शतांशांची सरासरी काढू नका, तिला काही अर्थ नसतो. हिस्टोग्रामचे कप्पे आधी एकत्र करायचे आणि मग शतांश काढायचा.

पायरी ३ : भार खऱ्यासारखा टाका

नवखे हमखास इथे चुकतात. जेमीटर या भार टाकणाऱ्या साधनात ५० थ्रेड लावले की प्रत्येक थ्रेड उत्तर येईपर्यंत थांबतो आणि मगच पुढची विनंती पाठवतो. म्हणजे सेवा हळू झाली की भारही आपोआप कमी होतो आणि निकाल बरा दिसतो. फाटकावर असं होत नाही. सर्व्हर हळू आहे म्हणून गावाकडून निघालेल्या गाड्या वाटेत थांबत नाहीत, त्या येतच राहतात. म्हणून ठरावीक वेगाने विनंत्या पाठवणारी पद्धत घ्या. के-सिक्स या दुसऱ्या साधनात तिला ‘कॉन्स्टंट अरायव्हल रेट’ म्हणतात.

पहिली पाच मिनिटं मोजायची नाहीत. जेव्हीएम, म्हणजे जावाचा कोड चालवणारं यंत्र, आधी कोड ओळीओळीने वाचून चालवतो. एखादी मेथड पुन्हा पुन्हा चालली की आधी सी-वन आणि मग सी-टू हे कंपायलर तिचं मशीन कोडमध्ये रूपांतर करतात. तोवर वेळही जास्त लागतो आणि प्रोसेसरही कंपाइल करण्यात गुंतलेला असतो. पाच मिनिटं तापवा, पुढची दहा मोजा, तीनदा करा. तीन निकालांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर आधी पायरी १ कडे परत जा.

तक्त्यात २०० नमुना ओळी ठेवून घेतलेली चाचणीही निरुपयोगी असते. पोस्टग्रेसच्या ‘जनरेट सिरीज’ने काटा नोंदींच्या ५ लाख ओळी भरा आणि लगेच ‘अॅनालाइझ’ चालवा. नाहीतर क्वेरी प्लॅनर जुन्या अंदाजावर चालतो.

पायरी ४ : विनंती कुठे थांबते ते बघा

अशा सेवांमध्ये विनंतीचा बहुतेक वेळ काम करण्यात जात नाही, वाट पाहण्यात जातो: डेटाबेसची, दुसऱ्या सेवेची, मोकळ्या कनेक्शनची. ही जागा सापडण्याआधी जेव्हीएमच्या सेटिंगांना हात लावू नका. इंटरनेटवरून उचललेली वीस सेटिंगं लावून सेवा बरी झाल्याचं क्वचितच घडतं, आणि झाली तरी कशामुळे झाली ते कळत नाही.

सगळ्यात सोपं साधन म्हणजे थ्रेड डंप: त्या क्षणी कुठला थ्रेड कोडमध्ये कुठे उभा आहे त्याची यादी. भार चालू असताना ‘जेसीएमडी’ला प्रोसेस क्रमांक देऊन ‘थ्रेड डॉट प्रिंट’ चालवा. पाच-पाच सेकंदांनी तीन डंप घ्या. कंटेनरमध्ये जावाच मुख्य प्रोसेस असेल तर क्रमांक १ असतो. इमेजमध्ये नुसतं जेआरई असेल तर ‘जेसीएमडी’ बहुधा सापडणार नाही; चाचणीपुरती जेडीकेची इमेज वापरा. आता ‘एचटीटीपी-निओ’ने सुरू होणारे थ्रेड वाचा. बरेचसे डेटाबेसची कनेक्शन वाटणाऱ्या ‘हिकारी’च्या ‘गेट कनेक्शन’वर उभे दिसले तर कनेक्शन अडकलीत. सॉकेट वाचण्यावर उभे असतील तर समोरचा डेटाबेस किंवा सेवा हळू आहे. एकाच कुलपावर ‘ब्लॉक्ड’ असतील तर तुमच्याच कोडमधला ‘सिंक्रोनाइज्ड’ आडवा येतोय. इथे एक गोष्ट फसवते: सॉकेट वाचणाऱ्या थ्रेडपुढे ‘रनेबल’ लिहिलेलं असतं, पण तो खरं तर वाट पाहत असतो. स्थितीवर जाऊ नका, वरच्या दोन-तीन ओळी वाचा.

आणखी खोलात जायचं तर जावा फ्लाइट रेकॉर्डर, म्हणजे चालत्या जेव्हीएमची नोंद ठेवणारं साधन. ‘जेसीएमडी’नेच ‘जेएफआर डॉट स्टार्ट’ द्या, कालावधी १२० सेकंद, फाइलचं नाव द्या आणि ती फाइल जेडीके मिशन कंट्रोलमध्ये उघडा. नेहमीच्या सेटिंगवर त्याचा भार साधारण एक टक्क्याच्या आसपास राहतो, त्यामुळे तो चालत्या सिस्टिमवरही लावता येतो.

पायरी ५ : डेटाबेस

आता एक पडदा जवळून पाहू. काटा सेवेच्या पडद्यावर आजच्या ५० नोंदी आणि प्रत्येकीसमोर कास्तकाराचं नाव दिसतं. जेपीएमध्ये शेतकरी हे नातं ‘लेझी’ आहे, म्हणजे शेतकऱ्याची माहिती मागितल्यावरच आणली जाते. कोड साफ दिसतो: यादी आणली, फिरलो, नाव घेतलं. हायबरनेटचा एसक्यूएल लॉग चालू केल्यावर मात्र एक क्वेरी यादीची आणि ५० क्वेऱ्या नावांच्या, अशा ५१ दिसतात. एकेक क्वेरी २ मिलिसेकंदांचीच असते, म्हणून मंद क्वेऱ्यांच्या यादीत ती कधी येत नाही. सगळ्या मिळून १०२ मिलिसेकंद होतात, आणि डेटाबेस दुसऱ्या मशीनवर असेल तर प्रत्येकीला नेटवर्कची फेरी वेगळी.

उपाय ‘जॉइन फेच’, म्हणजे नोंदी आणि नावं एकाच क्वेरीत आणणं. मात्र तो कलेक्शनवर, म्हणजे एका कास्तकाराच्या अनेक नोंदींवर, पानं पाडताना लावला तर हायबरनेट सगळ्या ओळी मेमरीत आणून तिथे पानं पाडतो. लॉगमध्ये तो तसा इशारा देतो, तो नजरेतून सुटतो आणि हंगामात हीप, म्हणजे जावाच्या ऑब्जेक्टांसाठीची मेमरी, भरते. अशा वेळी ‘डिफॉल्ट बॅच फेच साइझ’ ५० ठेवणं बरं. ५१ च्या २ क्वेऱ्या होतात.

मग ‘एक्सप्लेन अॅनालाइझ’: पोस्टग्रेसने क्वेरी कशी चालवली ते ही आज्ञा दाखवते. मोठ्या तक्त्यावर ‘सेक स्कॅन’, म्हणजे सगळा तक्ता वाचणं, दिसला आणि हव्या ओळी मोजक्याच असतील तर इंडेक्स हवा. नोंदी नेहमी बाजार समिती आणि तारखेने मागवल्या जात असतील तर इंडेक्सही त्या दोन्हींचा मिळून एकच करा, बाजार समिती आधी. दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स टाकू नका. प्रत्येक इंडेक्समुळे नोंद लिहिणं जड होतं, आणि हंगामात वाचण्याइतकंच लिहिणंही असतं.

पायरी ६ : कनेक्शन पूल आणि लांबलेली ट्रान्झॅक्शन

हिकारीचा पूल, म्हणजे उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा, मुळात १० कनेक्शनचा असतो आणि टॉमकॅटचे थ्रेड २००. हे प्रमाण पाहून पूल २०० करावा असं नव्या माणसाला वाटतंच. तसं करू नका. काटे दोनच असतील तर रांगा वाढवून वजन लवकर होत नाही. चार कोअरच्या पोस्टग्रेसवर २०० कनेक्शन एकमेकांचीच वाट अडवतात. शिवाय पोस्टग्रेसची कनेक्शनची मर्यादा मुळात १०० असते. प्रत्येकी २० च्या पूलच्या सहा प्रती लावल्या की १२० झाले आणि शेवटच्या प्रतींना कनेक्शन नाकारली जातात.

किती लागतात ते लिटलच्या नियमाने काढा: सेकंदाला येणाऱ्या विनंत्या गुणिले प्रत्येकीने कनेक्शन धरून ठेवलेला वेळ. ४० विनंत्या आणि ०.०५ सेकंद म्हणजे एका वेळी सरासरी २ कनेक्शन. चढउतार धरूनही १० भरपूर झाले.

तरीही “कनेक्शन उपलब्ध नाही, ३०००० मिलिसेकंदांनंतर वेळ संपली” अशा अर्थाची चूक येत असेल, तर कनेक्शन कमी नाहीत, कुणीतरी ती धरून बसलंय. चुकारा सेवेत ते बहुधा असं असतं: मेथडवर ‘ट्रान्झॅक्शनल’ लिहिलेलं, आत आधी नोंद लिहिली, मग बँकेच्या एपीआयला हाक दिली, उत्तर आलं की स्थिती बदलली. बँकेला ३ सेकंद लागले तर ते ३ सेकंद कनेक्शन हातात आहे पण रिकामं. १० कनेक्शन भागिले ३ सेकंद, म्हणजे सेकंदाला तीनच चुकारे; प्रोसेसर मात्र पाच टक्क्यांवर झोपलेला.

याचे तीन तुकडे करा. पहिल्या ट्रान्झॅक्शनमध्ये चुकारा ‘प्रलंबित’ म्हणून एका अनन्य क्रमांकासह लिहा आणि कमिट करा. ट्रान्झॅक्शनच्या बाहेर, तोच क्रमांक देऊन बँकेला हाक द्या. उत्तर आल्यावर दुसऱ्या छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये स्थिती बदला. मधेच सेवा बंद पडली तर ‘प्रलंबित’ राहिलेल्यांची चौकशी त्याच क्रमांकाने बँकेकडे करायची, नवा चुकारा पाठवायचा नाही. पैसे दोनदा जाणं किंवा अजिबात न जाणं, दोन्ही एखाद्या घराला भारी पडतं. इथे घाई नको. आणि एक सापळा: या मेथडी एकाच क्लासमध्ये ठेवून आतल्या आत बोलावल्या तर स्प्रिंगचा प्रॉक्सी मधे येत नाही आणि ‘ट्रान्झॅक्शनल’ लागूच होत नाही. त्या वेगळ्या क्लासमध्ये ठेवा.

याच पायरीत ‘ओपन इन व्ह्यू’ बंद करा. स्प्रिंग बूटमध्ये ते मुळात चालू असतं आणि त्यामुळे एकदा घेतलेलं कनेक्शन उत्तर पूर्ण जाईपर्यंत सुटत नाही. बंद केल्यावर काही ठिकाणी ‘लेझी इनिशियलायझेशन’ची चूक येईल. ती आली की पायरी ५ मधली लपलेली क्वेरी सापडली असं समजा.

व्हर्च्युअल थ्रेडबद्दल, म्हणजे जेव्हीएमने स्वतः सांभाळलेल्या हलक्या थ्रेडबद्दल, नेहमी विचारलं जातं. स्प्रिंग बूट ३.२ मध्ये एका ओळीने ते चालू होतात आणि अनेक सेवांना हाका देणाऱ्या गेटवेला त्यांचा चांगला उपयोग होतो. पण पूल १० चाच राहतो. फक्त २०० ऐवजी २००० विनंत्या त्याच्या दारात उभ्या राहतात. जावा २१ मध्ये ‘सिंक्रोनाइज्ड’च्या आत वाट पाहणारा व्हर्च्युअल थ्रेड खालच्या खऱ्या थ्रेडला अडकवून ठेवतो, ही अडचण जावा २४ मध्ये बरीचशी सुटली.

पायरी ७ : मेमरी आणि प्रोसेसर

कंटेनरला १ जीबी दिलं तरी जेव्हीएम हीपसाठी मुळात चौथा हिस्सा, म्हणजे २५६ एमबीच घेतो. ‘मॅक्स रॅम पर्सेंटेज’ ६० ते ७० करा. ९० करू नका: हीपच्या बाहेर मेटास्पेस, कंपाइल झालेला कोड, थ्रेडचे स्टॅक आणि नेटवर्कचे बफर राहतात आणि स्प्रिंग बूटच्या सेवेला त्यासाठी सहज २०० ते ३०० एमबी लागतात. ५१२ एमबीच्या कंटेनरमध्ये ५० टक्क्यांच्या वर जाणं धोक्याचं.

कंटेनर १३७ क्रमांकाने बंद झाला आणि लॉगमध्ये जावाची चूकच नाही, तर बहुधा लिनक्सने मेमरीची मर्यादा ओलांडली म्हणून तो मारला. ‘डॉकर इन्स्पेक्ट’मध्ये ‘ओओएम किल्ड’ खरं दिसतं. तिथे हीप वाढवली तर रोग वाढतो. याउलट लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी एरर, जावा हीप स्पेस’ असेल तर हीप खरोखर भरली. त्यासाठी ‘हीप डंप ऑन आउट ऑफ मेमरी एरर’ चालू ठेवा आणि डंप बाहेरून जोडलेल्या फोल्डरमध्ये टाका, नाहीतर कंटेनरबरोबर तोही जातो.

जीसीचा, म्हणजे हीपमधले नको झालेले ऑब्जेक्ट काढणाऱ्या सफाईचा, लॉग नेहमी चालू असावा. तो फार स्वस्त आहे. त्यात एकच गोष्ट आधी पाहा: पूर्ण सफाईनंतर उरलेली हीप तासागणिक चढते का? चढत असेल तर गळती आहे, आणि बहुतेक वेळा ती कुणीतरी कॅश म्हणून ठेवलेल्या, कधीच रिकाम्या न होणाऱ्या मॅपमध्ये सापडते. कॅफिनसारखी लायब्ररी घेऊन ‘मॅक्सिमम साइझ’ ठरवून द्या. जेव्हीएमला दोनपेक्षा कमी प्रोसेसर किंवा साधारण १.८ जीबीपेक्षा कमी मेमरी दिसली तर तो जी-वन ही सफाईची पद्धत न निवडता साधी सीरियल जीसी निवडतो. छोट्या हीपला ते चालतं; थांबे लांबले तरच जी-वन स्वतः सांगून लावा.

प्रोसेसरची मर्यादा १ दिली असेल तर लिनक्स दर १०० मिलिसेकंदांत १०० मिलिसेकंदांचंच काम करू देतो. चार थ्रेड एकदम धावले की हा वाटा २५ मिलिसेकंदांत संपतो आणि उरलेले ७५ सगळी सेवा गप्प उभी राहते. आलेखात सरासरी वापर कमीच दिसतो, म्हणून हे कळत नाही. कंटेनरच्या आत ‘सीपीयू डॉट स्टॅट’ फाइलमधला ‘एनआर थ्रॉटल्ड’ हा आकडा भाराखाली पळत असेल तर मर्यादा २ करा आणि पुन्हा मोजा.

पायरी ८ : सेवांमधल्या हाका आणि शेवटचा टप्पा

जावाच्या स्वतःच्या एचटीटीपी क्लायंटला मुळात वेळेची मर्यादा नसते. समोरचा गप्प राहिला तर तुमचा थ्रेडही गप्प राहतो. जोडणीला १ सेकंद, उत्तराला ३ सेकंद द्या. मोबाइलला १०, गेटवेला ८, आतल्या सेवेला ५ सेकंद अशी मर्यादा आत जाताना कमी होत गेली पाहिजे. उलट असेल तर मोबाइलने नाद सोडल्यावरही आत काम चालूच राहतं. पुन्हा प्रयत्न एकाच थरावर ठेवा. तीन थरांवर तीन-तीन प्रयत्न म्हणजे शेवटच्या सेवेवर २७ हाका, त्याही ती आधीच दमलेली असताना.

गावातला मोबाइल बऱ्याचदा टू-जीसारख्या वेगावर असतो. फेरीला ३०० मिलिसेकंद लागत असतील तर नव्या जोडणीत टीसीपीची एक आणि टीएलएस १.२ च्या दोन फेऱ्या मिळून विनंती निघण्याआधीच ९०० मिलिसेकंद जातात. टीएलएस १.३ ने एक फेरी वाचते, जोडणी उघडी ठेवली तर तिन्ही वाचतात. स्प्रिंग बूटमध्ये उत्तर दाबून पाठवणं मुळात बंद असतं, ‘सर्व्हर कॉम्प्रेशन’ चालू करा. यादी २० ओळींची पाठवा आणि पडद्यावर न दिसणारी फील्ड गाळा. हे नेटवर्क घरी उभं करायला लिनक्सचं ‘टीसी’ आणि ‘नेटएम’ पुरतं: ३०० मिलिसेकंद उशीर, २ टक्के पॅकेटांची गळती. ते भार टाकणाऱ्याच्या बाजूला लावा, सेवा आणि पोस्टग्रेसच्या मधे नको.

पायरी ९ : रात्रभराची चाचणी

एका वेळी एकच बदल करा आणि वहीत पाच रकाने भरा: तारीख-वेळ, काय बदललं, सेकंदाला विनंत्या, ९९ वा शतांश, चुका. ज्या बदलाने आकडा हलला नाही तो परत काढून टाका.

शेवटी ठरलेल्या भाराच्या ७० टक्क्यांवर आठ तासांची चाचणी लावा. रात्री लाईन जाण्याचा भरवसा नाही, म्हणून निकाल शेवटी एकदम न लिहिता दर मिनिटाला डिस्कवर जातील असं करा. सकाळी चार ठिकाणी बघा: सफाईनंतरची हीप पहिल्या तासाइतकीच आहे का, हिकारीची वापरातली कनेक्शन भार थांबल्यावर शून्यावर आली का, लॉगने डिस्क किती खाल्ली, आणि ‘प्रलंबित’मध्ये किती चुकारे अडकून राहिले. कनेक्शन शून्यावर आली नसतील तर हिकारीचं ‘लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड’ १० सेकंदांवर ठेवून चाचणी पुन्हा लावा. कनेक्शन कुठल्या ओळीवर घेतलं आणि सोडलं नाही, ते लॉगमध्ये येईल.